पाहुण्याने मतं मागू नयेत

ह्यूस्टन, रविवार, २२ सप्टेंबर २०१९. सकाळचे नऊ वाजायचे आहेत आणि एनआरजी स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरही आता रिकामी खुर्ची शोधावी लागते आहे. ‘इमेल्डा’ वादळाने या आठवड्यात शहराला झोडपून काढलं. येताना रस्त्याकडेला अजून पाणी साचलेलं दिसत होतं. तरी पंतप्रधान मोदींच्या ‘हाउडी मोदी’ सभेला लोक आले आहेत. डॅलसहून, ऑस्टिनहून रात्रभर गाडी चालवून आले आहेत. एरवी इथे ‘टेक्सन्स’ या फुटबॉल संघाचे सामने होतात. आज जिकडे बघावं तिकडे कुर्ते, पैठण्या, फेटे आणि दोन्ही देशांचे झेंडे आहेत. सुमारे पन्नास हजार माणसं ‘मोदी, मोदी’ म्हणून ओरडायला लागली की पायाखालचं काँक्रीट हललेलं जाणवतं.

माझ्या डावीकडे दादा आहे, उजवीकडे वहिनी. तिच्या पलीकडे नाशिकहून मुलाकडे आलेलं एक जोडपं आहे. काकांनी छातीला तिरंगा लावला आहे, काकूंच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, पण ती सुरक्षातपासणीत बाहेरच राहिली. त्याची हळहळ अजून चालू आहे. “एवढी मोठी सभा मी नाशिकलाही बघितली नाही,” काका मला सांगतात. त्यांचा आनंद खरा आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या देशाचं नाव असं मोठ्याने, मानाने घेतलेलं ऐकायला मिळतं तेव्हा गळा दाटून येतो. माझाही येतो आहे.

दादाकडे अजून ग्रीन कार्डच आहे. वहिनीने मात्र गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं सोडावं लागतं, त्यामुळे तिने पासपोर्ट परत केला. काल रात्री भांडी आवरताना तिने मला त्या शपथेबद्दल सांगितलं. उजवा हात वर करून, इतर कोणत्याही राजाशी वा राज्याशी असलेली निष्ठा मी सोडते आहे, असं तिथे मोठ्याने म्हणावं लागतं. “म्हणताना आवाज कापला ग,” ती म्हणाली. “पण म्हटलं एकदा, म्हणजे म्हटलं.” पुढच्या वर्षी, ३ नोव्हेंबर २०२० ला, ती पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत देणार आहे. ते कुणाला देणार, हे तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

व्यासपीठावर आता अमेरिकी लोकप्रतिनिधींची रांग उभी आहे, दोन्ही पक्षांची. ह्यूस्टनचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी मोदींना शहराची किल्ली दिली आहे. टेक्ससचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन आहेत. माइकसमोर येतात ते स्टेनी हॉयर, प्रतिनिधीगृहातल्या बहुमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते. पांढरे केस, संथ आवाज. ते दोन लोकशाह्यांबद्दल बोलतात. मग गांधींच्या शिकवणीचं नाव घेतात, मग नेहरूंचं. नेहरूंच्या नजरेतला भारत धर्मनिरपेक्ष लोकशाही होता, तिथे बहुविधतेचा मान आणि मानवी हक्क प्रत्येक माणसाचं रक्षण करतात, असं ते म्हणतात. पंतप्रधान मोदी काही हातांच्या अंतरावर उभे राहून ते ऐकत आहेत.

पुढच्या रांगेतला तरुण मागे वळून मित्राला म्हणतो, “ये क्यों बोल रहा है यहाँ?” नाशिकचे काकाही भुवया उंचावतात. “हे आपल्या घरचं आहे. यांनी कशाला?”

काकांचा प्रश्न मला टाळता येत नाही. काश्मीरचा विशेष दर्जा काढून सात आठवडेही झालेले नाहीत. तिथले फोन आणि इंटरनेट बंद केले गेले, मोठमोठे नेते स्थानबद्ध आहेत. तीन आठवड्यांपूर्वी याच शहरात, मुस्लीम संघटनेच्या एका अधिवेशनात, बर्नी सँडर्स यांनी भारताच्या त्या कारवाईवर उघड टीका केली. दादाच्या मित्रमंडळींत त्यावरून मोठा संताप झाला होता. आमच्या देशाच्या आतल्या गोष्टींत परक्यांनी तोंड घालू नये, असा तो संताप.

पण ‘आतली गोष्ट’ हे कुलूप सगळ्यांत आधी कुणी फोडलं, हे आपण भारतीयांनी विसरता कामा नये. ते आपणच फोडलं. १९४६ साली, अजून स्वतंत्रही नसलेल्या भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. समोर फील्ड मार्शल स्मट्स होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ही आमची अंतर्गत बाब आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(७) प्रमाणे त्यात कुणालाही हात घालता येत नाही. विजयालक्ष्मींनी ते मानलं नाही. माणसाला माणूस म्हणून मिळणारी वागणूक ही जगाची बाब आहे, ही भारताची भूमिका होती. ८ डिसेंबर १९४६ ला ठराव मंजूर झाला: बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. पुढे वर्णभेदाविरुद्धची लढाई जगाची झाली, तिचा पाया या मतदानात घातला गेला. १९७१ मध्येही पाकिस्तान म्हणत होता की पूर्व बंगाल हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, आणि सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते. तेव्हा इंदिरा गांधी गप्प बसल्या नाहीत. ३१ मार्चलाच आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या लोकांना पाठिंबा देणारा ठराव केला होता.

म्हणून हॉयर यांचं बोलणं मला खुपत नाही. त्यांनी भारतातल्या कुठल्या पक्षाला निवडा वा पाडा असं सांगितलेलं नाही. आपल्याच राज्यघटनेच्या उद्देशिकेतल्या गोष्टी त्यांनी आपल्या पंतप्रधानांसमोर, सभ्यपणे, उघड्यावर म्हटल्या आहेत. त्या ऐकून घेण्याइतका आपला देश मोठा आहे. मी टाळ्या वाजवते. वहिनीही वाजवते. काका वाजवत नाहीत, पण काकू वाजवतात.

आता स्टेडियमचा नूर बदलतो. काळ्या सुटातले सुरक्षारक्षक हलायला लागतात, कॅमेरे एकीकडे वळतात आणि डोनाल्ड ट्रम्प येतात. दोघे नेते हात हातात घेऊन व्यासपीठावर उभे आहेत. आवाज इतका, की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. पाहुण्यांचा परिचय करून द्यायला खुद्द पंतप्रधान माइकसमोर येतात. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न इथे क्षणभर उलटा झाला आहे. अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची ओळख भारताचे पंतप्रधान करून देत आहेत.

ते इंग्रजीत बोलत आहेत. ट्रम्प यांच्या नेतृत्वाची, ऊर्जेची स्तुती होते. व्हाइट हाऊसमधल्या दिवाळीची आठवण निघते. आणि ते म्हणतात की भारतातल्या आम्हा लोकांचं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी चांगलं जुळलं आहे, उमेदवार ट्रम्प यांचे ते शब्द स्पष्ट ऐकू आले होते: ‘अबकी बार ट्रम्प सरकार’.

स्टेडियम उसळतं. पुढचा तरुण खुर्चीवर चढला आहे. काका झेंडा हलवत आहेत. दादाही टाळ्या वाजवतो आहे. वहिनीचे हात मात्र थांबले आहेत. टाळीसाठी उचललेले दोन्ही तळवे एकमेकांपासून चार बोटांवर आहेत, तसेच आहेत. मग ते ती मांडीवर ठेवते आणि पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

“काय झालं?” मी तिच्या कानाशी विचारते.

“माझं मत आहे ना ते,” ती म्हणते. बाकीचं गलक्यात बुडून जातं.

या घोषणेची जन्मकथा इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘अबकी बार मोदी सरकार’ गल्लोगल्ली घुमलं. २०१६ च्या ऑक्टोबरात ट्रम्प यांच्या प्रचाराने ते उचललं आणि भारतीय मतदारांसाठी केलेल्या जाहिरातीत स्वतः ट्रम्प ते मोडक्या हिंदीत म्हणाले. तेव्हा तो एका उमेदवाराचा प्रचार होता, आणि मतांसाठी उमेदवार कुणाचीही भाषा बोलतो. पंतप्रधानांनी आज त्याच शब्दांची आठवण काढली, नवं काही म्हटलं नाही, असं म्हणता येईल. पण निवडणूक साडेतेरा महिन्यांवर आहे, समोर मतदार बसले आहेत, शेजारी उमेदवार उभा आहे आणि बोलणारा माणूस भारताचं सरकार आहे. हे चार एकत्र आले की जुन्या घोषणेची आठवण आठवण राहत नाही.

अमेरिकेला हा अनुभव नवा नाही. १८८८ मध्ये वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत लायोनेल सॅकव्हिल-वेस्ट यांना कॅलिफोर्नियातून एक पत्र आलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव मर्चिसन असं सांगितलं होतं. मी जन्माने इंग्रज, आता अमेरिकन नागरिक झालो आहे, येत्या निवडणुकीत मातृभूमीच्या हिताच्या दृष्टीने मत कुणाला द्यावं, एवढं कळवा, अशी विनंती होती. राजदूतांनी उत्तर लिहिलं आणि राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड बरे, असं सुचवलं. पत्र हा एका रिपब्लिकन माणसाने रचलेला सापळा होता. मतदानाच्या तोंडावर ते उत्तर वर्तमानपत्रांत छापून आलं. देशभर आग उसळली, ज्यांची भलामण केली त्या क्लीव्हलँड यांनीच राजदूताला घरी पाठवलं, आणि तरीही ते निवडणूक हरले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या खोट्या पत्रातला प्रश्न आज या स्टेडियमात खऱ्या माणसांसमोर उभा आहे: जन्मभूमीने सांगावं का, की नव्या देशात मत कुणाला द्यायचं?

राजदूतांसाठी याचं उत्तर लिखित आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४१ सांगतं की ज्या देशात नेमणूक आहे त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणं हे त्यांचं कर्तव्य आहे. दौऱ्यावर आलेल्या पंतप्रधानांना ते कलम लागू नाही. त्यांना लागू होतो तो संकेत, आणि तो आपणच जगापुढे मोठ्याने मांडला आहे. २९ एप्रिल १९५४ च्या पंचशील करारातलं एक तत्त्व हेच आहे: एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही.

ट्रम्प बोलायला उठले आहेत. त्यांचं भाषण पाऊण निवडणुकीचंच आहे: रोजगार, करकपात, सीमासुरक्षा. ‘कट्टर इस्लामी दहशतवाद’ हे शब्द येताच अर्धं स्टेडियम उभं राहतं. भारताला माझ्याइतका चांगला मित्र राष्ट्राध्यक्ष म्हणून कधी मिळाला नाही, असं ते म्हणतात. पुढच्या महिन्यात मुंबईत एनबीएचा बास्केटबॉल सामना होणार आहे, मलाही बोलावणार का, असं मोदींकडे बघून विचारतात. ‘मुंबई’ ऐकताच आमच्या रांगेतून शिट्टी निघते. हे मला गैर वाटत नाही. ते आपल्या देशात, आपल्या मतदारांपुढे बोलत आहेत. आपला प्रचार आपल्या अंगणात करण्याचा त्यांना हक्क आहे.

मग मोदी हिंदीत बोलतात. आता ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या लयीत आहेत. ‘हाउडी मोदी’ला, म्हणजे ‘कसे आहात, मोदी?’ला, उत्तर म्हणून ‘सगळं ठीक आहे’ हे ते एकामागून एक भारतीय भाषांत म्हणतात आणि स्टेडियमचा एकेक कोपरा आपली भाषा आली की ओरडतो. अमेरिकेतलं ९/११ असो की मुंबईतलं २६/११, कट रचणारे सापडतात कुठे, असा प्रश्न ते विचारतात. नाव घेत नाहीत, घ्यावं लागत नाही. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आहे. त्यांच्या नात्यातलं कुणी त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर होतं, वाचलं. दहशतवादाविरुद्धचं हे वाक्य एका देशाच्या राजकारणातलं नाही. ते दोन्ही देशांच्या मेलेल्या माणसांच्या वतीने आहे, आणि तिथे सगळे उभे राहतात, वहिनीही.

कलम ३७० वरही ते बोलतात. या कलमाने काश्मीरच्या लोकांना विकासापासून आणि समान हक्कांपासून दूर ठेवलं, त्याचा फायदा दहशतवाद्यांनी आणि फुटीरांनी घेतला, असं ते म्हणतात. राज्यसभेत आमचं बहुमत नाही, तरी दोन तृतीयांश मतांनी निर्णय झाला. आणि मग विनंती येते: भारताच्या खासदारांसाठी उभे राहून टाळ्या वाजवा.

पन्नास हजार माणसं उभी राहतात. ट्रम्प खाली बसून हे सगळं ऐकत आहेत. अमेरिकी लोकप्रतिनिधी या सभेचे पाहुणे आहेत.

मला इथे थांबावंसं वाटतं. तासाभरापूर्वी हॉयर नेहरूंचं नाव घेत होते तेव्हा काका म्हणाले होते, हे आपल्या घरचं आहे. मग आता ह्यूस्टनमध्ये, दुसऱ्या देशाच्या नागरिकांकडून, त्यांच्या पुढाऱ्यांच्या साक्षीने आपण त्याच विषयावर काय मागतो आहोत? टाळी हाही अभिप्रायच असतो. परदेशी टाळी चालत असेल तर परदेशी टीकाही ऐकून घ्यावी लागेल. टीकेच्या वेळी दार लावायचं असेल तर टाळीच्या वेळीही ते लावायला हवं. एक तराजू दोन्ही वेळा वापरला पाहिजे. मी बसून राहते. कुणी काही बोलत नाही, काका फक्त एकदा बघतात.

शेवटी दोघे नेते हात धरून मैदानाभोवती चालतात. कार्यक्रम संपला. आम्ही गर्दीबरोबर सरकत बाहेर येतो, तर फाटकांपासून लांब, अडथळ्यांच्या पलीकडे, निदर्शक उभे आहेत. काश्मीरचे फलक आहेत, काही शीख आहेत, काही तरुण मुलं आहेत. आमच्या बाजूने कुणीतरी त्यांच्यावर ओरडतं, तिकडूनही उत्तर येतं. “अमेरिकेत राहून भारताबद्दल बोलतात,” काका म्हणतात.

“काका, आपणही तेच करून आलो ना आत्ता?” वहिनी शांतपणे म्हणते. “आणि बोलू दे की. ती माणसं आहेत. माणूस कुठल्याही देशाबद्दल बोलू शकतो. सरकारने बोलताना मात्र जपून बोलायला हवं. त्याच्या मागे अख्खा देश उभा असतो.”

काका मान हलवत नाहीत, पण वादही घालत नाहीत. गाडीपर्यंत ते दादाला भाषणातला २६/११ चा भाग पुन्हा सांगत राहतात. वहिनी गाडी चालवायला बसते.

हे टिपण मी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं. पुढचं जगाने पाहिलं. काही दिवसांनी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांना वॉशिंग्टनमध्ये खुलासा करावा लागला की पंतप्रधान फक्त ट्रम्प यांचे शब्द आठवत होते आणि अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणात भारत कुणाच्याही बाजूचा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये जो बायडेन निवडून आले, आणि भारताला त्यांच्याशीच पुढची चार वर्षं काम करायचं होतं. ब्रिटनमध्येही २०१६ च्या एप्रिलात बराक ओबामांनी लंडनला जाऊन सांगितलं होतं की युरोपीय संघ सोडलात तर अमेरिकेशी व्यापार करारासाठी रांगेच्या शेवटी उभे राहाल. दोन महिन्यांनी ब्रिटिशांनी संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. परक्याचा सल्ला मतपेटीत क्वचितच उपयोगी पडतो. आपण लहान लेखले गेलो, ही भावना मात्र तो मतदाराच्या मनात नक्की ठेवून जातो.

बायडेन यांच्या विजयाला महिना होण्याआधीच बाजू उलटली. कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांबद्दल काळजी व्यक्त केली आणि शांततेने निदर्शनं करण्याच्या हक्कामागे कॅनडा नेहमी उभा राहील असं म्हटलं. भारताने ते अज्ञानातून आलेलं आणि अनाठायी ठरवलं, त्यांच्या उच्चायुक्तांना बोलावून समज दिली. ह्यूस्टनला टाळ्या वाजवणारे अनेक जण तेव्हा संतापले. ट्रुडोंचा डोळा स्वतःच्या शीख मतदारांवर होता, हे उघड आहे. भारताच्या डाळींच्या हमीभावावर जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेणाऱ्यांत हाच कॅनडा होता, हेही खरं आहे. त्यांच्या हेतूवर जरूर बोट ठेवावं. पण निदर्शनांच्या हक्काबद्दलचं ते वाक्य, त्या वाक्यापुरतं, चुकीचं नव्हतं. दुसऱ्या देशात कुणाला निवडा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसांच्या हक्कांबद्दल, तुरुंगांबद्दल, छळाबद्दल, निर्वासितांबद्दल परदेशी नेत्याने बोलावं, पुराव्याने आणि सभ्यतेने बोलावं. १९४६ मध्ये आपण बोललो नसतो तर जगाचं नुकसान झालं असतं. पण कुणाचं सरकार यावं, हे ठरवण्याचा अधिकार फक्त तिथे मत असलेल्या माणसाचा आहे, आणि त्या जागेवर पाहुण्याने पाय ठेवू नये, मग तो पाहुणा आपल्याला कितीही प्रिय असो. पुढच्या वेळी एखाद्या परदेशी पुढाऱ्याच्या बोलण्यावर टाळी वाजवाल किंवा रागावाल, तेव्हा हाच प्रश्न स्वतःला विचारा: हेच वाक्य माझ्या देशाबद्दल, माझ्या नावडत्या पक्षाच्या बाजूने, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला चाललं असतं का? नसतं चाललं, तर आजही चालवून घेऊ नका.